पलंगामागची भिंत

वसतिगृहाची खोली सोडताना एक तक्ता भरायचा असतो. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने: येताना, जाताना, शेरा. आधी तो मी भरायचा, मग तपासनीस बाई येऊन पडताळणार. त्यांची सही झाली की किल्ली परत. वेळ सकाळी साडेदहा.

दार. येताना ठीक, जाताना ठीक. शेरा: खालून घासतं. जरा उचलून लावलं तर ऐकतं.

खिडकी. येताना कडी नाही, जाताना कडी आहे. शेरा: बाबांनी बसवली.

टेबल. येताना एक पाय आखूड, जाताना चारही सारखे. शेरा: पुन्हा बाबा. ते रंगारी आहेत, पण कुठल्याही खोलीत हाताची घडी घालून बसणं त्यांना जमत नाही.

खुर्ची. कपाचा गोल डाग. माझा. कबूल.

पलंगामागची भिंत. येताना

इथे थांबते. हा रकाना एका ओळीत मावत नाही.

शेजारच्या न्हाणीघराचा पाइप या भिंतीतून जातो आणि आतल्या आत गळतो. दोन वर्षांत ओल गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चढली. काळे ठिपके, पोपडे, आणि मला खोकला. कार्यालयात दाताच्या कण्या केल्या. उत्तर ठरलेलं: "पंखा लावून ठेवा." घरी बोलले नाही. बोलले असते तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी मला गादीसकट उचलून नेलं असतं. मग खोकल्याला सर्दी म्हणत राहिले आणि ते भेटायला आले की भिंतीला पलंग, पलंगावर उशांची चळत.

माझ्यापुरतं हे खपून गेलं. पण पुढच्या महिन्यापासून ही खोली धाकटीला मिळालीय. घरात केवढा आनंद, ताईचीच खोली! धाकटीला दमा आहे. तिच्यापायी बाबा कामाचे कपडे दाराबाहेर उतरवतात. बारा वर्षांत आमच्या घरात रंगाचा डबा उघडलेला नाही. रंगाऱ्याचं घर, आणि गल्लीतलं सगळ्यात कळकट.

नियम असा की तक्त्यात बाईंच्या हातचं 'दुरुस्ती हवी' पडलं, तर दुरुस्ती होईपर्यंत ती खोली कुणालाच देत नाहीत. मला ते दोन शब्द हवे होते. बाकी तक्ता गेला खड्ड्यात.

काल दुपार. (हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.)

सामान बांधायला बाबा आले. त्यांना खोलीत सोडून मी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला गेले. परतायला संध्याकाळ झाली.

"डोळे मीट," बाबा दारातच म्हणाले.

वास आधीच आला होता.

"आता उघड."

भिंत पांढरीशुभ्र. पलंग मधोमध ओढलेला, पंखा जोरात.

"पलंग सरकवला तर ही ओल! म्हटलं, जाता जाता पोरीच्या नावावर डाग कशाला? खरवडली, ओलीवरची खास पुट्टी भरली, प्राइमर, वर रंगाचे दोन हात. धाकटी येईस्तोवर वास उडून जाईल. कशीय?"

भिंत खरंच देखणी झाली होती. मला रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदाचं. त्यांनी पाठ थोपटली आणि माझ्या ड्रेसवर पांढरा पंजा उमटला.

फोनमध्ये ओलीचे चोवीस फोटो होते, महिन्याला एक. म्हटलं, बाईंना तेवढे पुरतील.

साडेदहा. बाई आल्या. चष्मा दोरीला, पेन केसात.

"भिंत कुणी रंगवली?"

"मी." बाबांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"हात चांगला आहे हो. फरशीवर एक थेंब नाही."

बाबा असे फुलले की बघवेना. बाईंनी लिहिलं: भिंत, उत्तम.

"बाई, खाली ओल आहे." मी फोन पुढे केला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? भिंत समोर आहे की. फोटोवरून लिहायचं तर जिने चढून येऊ कशाला?"

"मग हात लावून बघा, गार लागते."

"कालचा रंग गारच लागणार. पोरी, मला दिसेल तेच लिहिता येतं. दिसलं तर लिहीन, माझं काय जातंय?"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. एकेक फोटो पुढे सरकवला. चोवीसही.

"ही आतून आलीय. पाइप?"

"शेजारचं न्हाणीघर."

"मग ती सर्दी..."

"हं."

"लबाड कुठली. आईवर गेलीस." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "पाइपाची ओल वरून लिंपून थांबत नाही. फार तर दोन महिने. मग सगळं फुगून येणार."

दोन महिन्यांनी पलंगावर कोण असेल, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

बाबांनी खिशातून खरवडायची पट्टी काढली. "बाई, पाच मिनिटं थांबाल?"

लोकांचा रंग ते रोज खरवडतात. स्वतःचा कधीच नाही. त्यांनी रंगवलेल्या भिंतीत कुणी साधा खिळा ठोकला, तरी तीन दिवस त्या घराचा उद्धार चालतो. आता ते भिंतीच्या ऐन मध्यावर उभे राहिले.

"कोपऱ्यात खरवडा ना," मी म्हणाले. "तिथे कमी दिसेल."

"कोपऱ्यात बाईंना वाकावं लागेल."

पलंगामागची भिंत.
दहा चाळीस: उत्तम.
दहा एक्केचाळीस: पहिला ओरखडा. बाबांचे ओठ घट्ट.
दहा त्रेचाळीस: रंग साल निघावी तसा निघतोय. खालची पुट्टी अजून मऊच.
दहा पंचेचाळीस: वहीएवढा चौकोन. आत करडा गिलावा, त्यावर काळे ठिपके. आणि पाण्याचा एक थेंब, जमत जमत मोठा होतोय.

बाईंनी त्यावर बोट टेकवलं. बोटाकडे बघितलं. 'उत्तम' खोडून बाजूला सही केली आणि सावकाश लिहिलं: 'आतून ओल. दुरुस्ती हवी. तोवर खोली कुणास देऊ नये.'

"अहो," त्या बाबांना म्हणाल्या, "एवढं चांगलं काम. वाईट वाटलं."

"रंगच आहे," बाबा म्हणाले, पण भिंतीकडे पाठ करून.

जिना उतरायच्या आत धाकटीचा फोन. बाबांनी सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"सही झाली? कधी येऊ मी?"

"या खोलीत नाही यायचं. दुसरी देतील."

"म्हणजे? ताईची खोली नाही? का? सगळं ठरलं होतं!" मग संशयाने, "बाबा, खरं सांगा. तुम्ही काहीतरी करून ठेवलंत ना तिथे?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला केला.

"हो गं बाई," ते म्हणाले. "भिंत बिघडवली. मीच."