मधला बॉल

बॅटची दोरी मनगटात अडकवताना आईची धांदल उडाली. बाबांचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला आणि स्वतःच्याच टोपीकडे वळला. शेवटी कोचनं दोरी आवळून दिली.

"हा झारा घेऊन खेळायचं होय?" आईनं बॅटची भोकं निरखत विचारलं.

"झाराच समज," मुलगी म्हणाली. "आणि आज आम्हाला तळायचं."

बाबा हसले. आईही हसली, पण जाळीकडे बघून.

पॅडलला, म्हणजे काचेच्या भिंतींमध्ये खेळायच्या या टेनिसला, चौघं लागतात, एवढ्या एका गोष्टीसाठी मुलीनं हा खेळ निवडला होता. बाबा पाच महिन्यांपासून ऑफिसजवळच्या फ्लॅटवर राहत होते. ते घरी परत यावेत म्हणून ती काहीही करायला तयार होती. 'मला खेळायला कुणी मिळत नाहीये' असं सांगून तिनं दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं, एकमेकांबद्दल चकार शब्द न काढता. दोघांनाही बॅट कशी धरतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं, हे तर झकासच. मैत्रिणींसोबत तीनदा खेळून तिला एक गंमत कळली होती. बॉल दोघांच्या बरोबर मधून मारला की पार्टनर बोलतातच. गप्प राहताच येत नाही.

"टप्पा एकदाच," कोचनं समजावलं. "मागच्या काचेवर आपटला तरी घाबरायचं नाही. परत येतो तो."

आईबाबा एका बाजूला, मुलगी आणि कोच दुसऱ्या. तिनं पहिलाच बॉल मधून काढला. दोघंही जागचे हलले नाहीत. बॉल काचेवर आपटून त्यांच्या पायांशी घरंगळला.

"तुझा होता," बाबा म्हणाले.

"माझा कसा? तुझ्या नाकासमोरून गेला."

"मला वाटलं, तू घेशील."

"तुला नेहमी तसंच वाटतं."

मुलीनं ओठ चावून हसू दाबलं. अगदी घरच्यासारखं चाललं होतं. पुढचाही मधूनच. या वेळी दोघं एकदम धावले आणि बॅटवर बॅट आपटली.

"अरे, बोटं मोडशील माझी."

"मग आधी ओरडायचं ना, माझा म्हणून."

"माझं ओरडणं तुला कधी ऐकू आलंय?"

"जोडी अशीच लागते, भांडणारी," कोच मुलीच्या कानाशी पुटपुटला. तिच्या अंगात वारं शिरलं. तिसरा बॉल तिनं आणखी जोरात मधून मारला. तोही कुणी घेतला नाही.

तेव्हा आई बॅट खाली करून बाबांजवळ गेली.

"हे बघ, मधले सगळे तू घे. माझ्या कडेचे मी बघते."

"चालेल," बाबा म्हणाले.

चौथा बॉल मधून गेला. बाबांनी घेतला. आईनं मानही वळवली नाही. पाचवा, सहावा. दंड भरून येईपर्यंत मुलगी मधूनच मारत राहिली आणि सगळे बॉल नीट परत येत राहिले. पलीकडून एक शब्दही आला नाही.

"वा, किती पटकन जमलं यांचं," कोच म्हणाला.

मुलीनं बाहीनं घाम पुसला. बाही चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिली. मग तिनं पुढचा बॉल हळूच आईच्या कडेला टाकला. आईनं तो सुरेख परतवला.

"छान," बाबा म्हणाले.

"थँक्यू," आई म्हणाली.