स्पिरिटचा बोळा

बुधवार, दिनांक १२ मार्च २०२५, सकाळचे साडेअकरा. छत्रपती संभाजीनगर येथील न्यायालयाचा दुसरा मजला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात परिचारिका सुलेखा उभी होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"सिस्टर, रक्त काढण्याआधी आरोपीचा हात कशानं पुसला?" आरोपीच्या वकिलांनी विचारले.

तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या पंगतीवरून परतणाऱ्या एका मोटारीने छावणीजवळ सायकलवरच्या कडुबाला भर दुपारी उडवले होते. मोटार चालवणाऱ्याला दोन शिपायांनी दवाखान्यात धरून आणले, तेव्हा त्याला स्वतःचे नावही धड सांगता येत नव्हते. दारूच्या तपासणीसाठी रक्त काढताना कातडीला स्पिरिट लावायचे नसते, कारण त्यातला मद्यार्क नमुन्यात मिसळू शकतो, हे सुलेखा जाणत होती. परंतु शेजारच्या खाटेवर कडुबा अखेरचे श्वास घेत होता. तिचे लक्ष तिकडे, आणि हात सवयीने चालला.

मघाशी व्हरांड्यात सरकारी वकिलांनी तिला बजावले होते, "मॅडम, आठवत नाही म्हणा. लई खोलात जाऊ नका." समोरच्या बाकावर कडुबाची बायको लीलाबाई बसली होती. खरे सांगितले तर खटल्याचा कणाच मोडणार होता. आणि शपथ घेऊन विसरल्याचे सोंग आणणे सुलेखाला साधणारे नव्हते.

"स्पिरिटनं," ती म्हणाली.

"बस्स. आणखी काही विचारायचं नाही."

"पण साहेब, बोळाभर स्पिरिटनं माणूस झिंगतो व्हय? मग आमचा अख्खा वॉर्ड रोज तर्र पाहिजे! त्याच्या तोंडाचा वास तर..."

मागे कोणीतरी हसले.

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले. वासाबद्दल तिला कोणीच विचारले नाही. सरकारी वकील खाली मान घालून कागद चाळत राहिले.

जिन्यात लीलाबाईने तिला गाठले.

"सिस्टर, आता सुटल का त्यो?"

"बहुतेक." सुलेखाला तिच्याकडे पाहवेना. "मला खोटं बोलता आलं नाही, बाई."

"खोटं बोला असं म्या कुठं म्हणलं?" लीलाबाईने पदर सावरला. "तुमी आज नाय चुकल्या. त्या दिशी चुकल्या."