बोटांवरच्या रेषा

फरशीवाल्याने परमुलुखात सलग दोन वर्षे आश्रयाचे कार्ड जिवापाड सांभाळले होते. गावी हत्यारबंद टोळीने त्याच्या थोरल्या भावास दारातच संपवले, त्याच पहाटे तो निघाला. बायको व मुलगी मेहुण्याच्या घरी लपून राहिल्या. इथला नियम असा की, कार्डाचे नूतनीकरण तिसऱ्यांदा झाले म्हणजे कुटुंबास बोलावता येते. त्यासाठी दोन गोष्टी अवश्य होत्या: बोटांचे ठसे, आणि कामात एका दिवसाचाही खंड नसल्याचा दाखला.

मुदत संपण्यास आठ दिवस असता तिसऱ्या नूतनीकरणासाठी कचेरीची तारीख आली. एवढ्या थोर ठिकाणी सिमेंटने माखलेले हात नेणे त्यास प्रशस्त वाटेना. सबब फरशीवरचे वाळके सिमेंट ज्या ॲसिडने उतरवतात, तेच त्याने आदल्या संध्याकाळी बादलीभर पाण्यात ओतले आणि तारेच्या घासणीने दहाही बोटे घासून काढली. हातांची आग आग झाली, परंतु ते नवरदेवाच्या हातांसारखे उजळले. त्याचे समाधान झाले.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्राच्या काचेवर बोटे टेकवली. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवली, पुन्हा लाल.

"रेषाच नाहीत," कारकूनबाई म्हणाली. "बोटं आहेत की साबणाच्या वड्या?"

"बाई, काल मुद्दाम स्वच्छ धुतली. साहेबांसमोर यायचं म्हणून."

"उपकार केलेत! आता पंधरा दिवस हाताला आराम द्या. रेषा उगवल्या की या."

"पण कार्ड आठ दिवसांत संपतंय."

"मग त्याच्या आधी या."

"आधी उगवतील का?"

"मला काय विचारता? बोटं तुमची."

त्याचा मुकादम बांधकाम चाललेल्या नव्या दवाखान्याच्या जिन्यावर चहा पीत बसला होता. त्याने सर्व ऐकून घेतले.

"आराम? घे की बाबा. पण दाखल्यात खंड लिहीन. खोटं लिहायला मी काय तुझा सासरा आहे?"

"हातमोजे घालून करतो."

"हातमोज्यातून सांधा कळतो होय रे? फरशी बोटानं बसते."

इकडे आड, तिकडे विहीर. त्याने बोटांना चिंध्या गुंडाळून आठवडाभर फरश्या बसवल्या. चिंध्यांत सिमेंट शिरे आणि कोवळी कातडी सोलून नेई. शेवटच्या दिवशी यंत्र लालच राहिले. कार्ड संपले.

"तपासणीवाले यायचेत," मुकादम म्हणाला, "काही दिवस तोंड दाखवू नकोस."

आता मात्र आराम मिळाला. आठ जणांच्या खोलीत तो तेलाच्या वाटीत बोटे बुडवून बसू लागला. सोबतचे मजूर म्हणत, "राणीसाहेब, मेंदी रंगली का?" तो हसे आणि खिडकीपाशी जाऊन रेषा पाही. पंधराव्या दिवशी त्या नांगरलेल्या शेतासारख्या स्पष्ट दिसल्या.

यंत्रावर पहिल्याच खेपेस हिरवा दिवा लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"वा, काय सुरेख ठसे!" कारकूनबाई म्हणाली. "फक्त बैल गेला नि झोपा केला. मुदत सरून पंधरा दिवस झाले. हे ठसे आता परत पाठवणीच्या यादीत गेले. दहा दिवसांत देश सोडा. नंतर पकडलं गेलात, तर यंत्रावर एक बोट टेकताच सगळं उघड होईल."

"बाई, गावी मला मारतील."

"त्याचा अर्ज असतो ना. पण चालू कार्ड लागतं त्याला."

बाहेर येताच फोन वाजला. बायको होती.

"अहो, झालं का? पोरगी विचारतेय, तिकडं थंडी असते का. स्वेटर विणायला घेतलाय तिनं."

"ठसे उमटले," तो म्हणाला. "एकदम हिरवा दिवा लागला."

पलीकडे ती मुलीस हाका मारून ते सांगू लागली. त्याने फोन बंद केला.

दहा दिवस आले तसे गेले. अकराव्या दिवशी तो मुकादमापुढे उभा राहिला.

"ये ये," मुकादम प्रसन्नपणे म्हणाला. "तळघरात काम आहे. आता तुला दाखला नको, सुट्टी नको, खंडाची भीती नको. सुटलास बघ एकदाचा!"

संध्याकाळपर्यंत त्याने तळघराच्या नऊ ओळी बसवल्या. मग कोपऱ्यातली बादली ओढून तीत ॲसिड ओतले, घासणी घेतली आणि दहाही बोटे आत घातली. या वेळी त्याने पाणी मिसळले नाही.