थप्पीमागची पोरं

आमच्या डाळ मिलमध्ये पाळणाघर होतं. चांगली मोठी खोली, दारावर निळ्या रंगात पाटी, आत तीन पाळणे. फक्त त्याला कुलूप असायचं, अन् चावी हिलाल मुकादमाच्या कमरेच्या करगोट्याला. तीसच्या वर बाया कामाला असल्या की पाळणाघर ठेवावंच लागतं, असा कायदा आहे म्हणे. म्हणून ते होतं. पोरं मात्र गोडाऊनमध्ये, तुरीच्या कट्ट्यांच्या, म्हणजे भरल्या गोण्यांच्या, थप्प्यांमागे झोपायची.

मी आठवीत शाळा सोडली. मास्तरांशी भांडण झालं, त्यात माझी चूक अर्धीच होती. मायनं मला धुळ्याकडच्या गावाहून जळगावला नर्मदाकडे पाठवून दिलं. नर्मदा माझी मोठी बहीण. तिचा नवरा ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी दिसायचा. ती मिलमध्ये डाळ निवडायची, मी झाडू मारायला लागली. मी घरी राहून तिचं पोरगं सांभाळलं असतं, पण एकीच्या रोजावर खोलीचं भाडं निघत नव्हतं. म्हणून कौतिकला आम्ही रोज काखेत मारून मिलमध्ये न्यायचो.

पालथा पडत होता तोवर ठीक होतं. रांगायला लागला अन् एक दिवस त्याच्या झबल्याचं टोक मशिनच्या पट्ट्यात गेलं. नर्मदानं ओढला म्हणून वाचला, झबलं गेलं. हिलाल मुकादम धावत आला, अन् पोराकडे न बघता आधी पट्टा बघितला.

"नर्मदे, रांगणारं पोऱ्या आठे नको. एक तर बांधी ठेव, नही तं घर बस. अन् चालाले लागना की मंग बांधीसन भी चालाव नही. संक्रांतपावत मुदत शे तुले."

मी म्हटलं, "तुमच्या करगोट्याला चावी आहे ना, उघडा मग ती खोली!"

नर्मदानं मला चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली अन् कौतिकचा पाय गोडाऊनच्या लोखंडी खांबाला बांधला. संक्रांतीला तीन महिने होते. त्यानंतर एक तर काम सुटणार होतं, नाहीतर पोरगं पट्ट्यात जाणार होतं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच.

दिवाळी झाली अन् एका सोमवारी मिलमध्ये पळापळ सुरू झाली. शेजारच्या मिलमध्ये कोणी इन्स्पेक्टर बाई येऊन गेली होती, उद्या आमचा नंबर. खोली उघडली. आत जुने पट्टे, फाटके कट्टे अन् एक मेलेली घूस निघाली. संध्याकाळपर्यंत चुना मारून झाला. पाळण्यांवरची धूळ पुसली. बाजारातून खोकंभर खेळणी आली.

हिलाल मुकादम माझ्याकडे आला. "झुंबर, तुले लिखता-वाचता येस ना? सकाय तू पाळणाघरनी बाई. साडी नेसी ये. अन् आज बसीसन हाई सहा महिनानं हजेरी रजिस्टर लिखी टाक."

"मी काय खोटं लिखू?"

"खोटं नही वं. मागलं लिखाणं ऱ्हायेल शे, ते लिखनं शे."

बाया तोंडात पदर घालून हसल्या. मला राग आला होता, पण रजिस्टर हातात आलं अन् माझी बोटं शिवशिवली. म्हटलं, लिहायचंच आहे तर असं लिहू की कोणाच्या बापाला कळणार नाही. तीन पेनं घेतली, निळं, काळं अन् एक गळकं. मधेच दोन पानांवर चहाचा डाग पाडला. कमलबाईचा लोटन तापानं पडला होता, त्या आठवड्यात त्याची गैरहजेरी मारली. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की मी खरंच सहा महिने तिथं बाई आहे.

मंगळवारी साडेनऊला इन्स्पेक्टर बाई आली. आम्ही जीपची वाट बघत होतो, ती रिक्षातून उतरली. तायडे मॅडम नाव. सुती साडी, पायात झिजलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. शेठनं हात जोडले. "या मॅडम, आधी चहा, कचोरी गरम आहे."

"आधी पोरं," मॅडम म्हणाल्या.

पाळणाघरात आल्या अन् चपला दाराबाहेर काढल्या. मला ते बघून हसू आलं, कारण आम्ही कोणी काढल्या नव्हत्या. पाळण्याची दोरी ओढून पाहिली. दुधाचा म्हणून मांडलेला पेला उचलून नाकाशी धरला. खिडकीच्या कडीला हात लावून पाहिला. रजिस्टर उघडलं, एकेक पान सावकाश उलटलं.

"अक्षर सुरेख आहे. कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं. फुगली मी.

त्यांनी रजिस्टर मिटलं. आतमध्ये एकेका पाळण्यात दोन-दोन, अशा सहा पोरांचा नुसता आकांत चालला होता. जन्मात पाळण्यात न झोपलेली पोरं ती. कौतिक तर असा ओरडत होता जशी सुई टोचली. मी त्याला जोरात झोका दिला, तो आणखी ओरडला.

मॅडम म्हणाल्या, "रोज इतकं रडतात?"

हिलाल मुकादम म्हणाला, "तुम्हाला बघून बावरले, मॅडम."

"असेल. नवीन माणूस आहे मी." मग त्या शेठकडे वळल्या. "मशिन बंद करा."

"मॅडम, माल अडकेल मधेच."

"अडकू द्या. दहा मिनिटं. अन् सगळ्या बायांना सांगा, जागेवर बसून राहा. कोणी पोराला हाक मारायची नाही."

मशिन बंद पडलं. इतकं शांत झालं की आपलेच कान दुखतायत असं वाटलं. मॅडमनी पाळण्यातून एकेक पोरगं काढून खोलीच्या दारासमोर जमिनीवर ठेवलं. खेळणी ओतली. रबराचं बदक, खुळखुळे, लाल गाडी. अन् स्वतः बाजूला मांडी घालून बसल्या.

"रडून रडून झोपेला आलीत ही. जाऊ द्या त्यांना कुठे जायचं तिथे."

कोणालाच कळेना ही बाई करतेय काय.

लोटन अडीच वर्षांचा. त्यानं बदकाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, अन् डोळे चोळत सरळ गोडाऊनमध्ये चालू लागला. तिसऱ्या थप्पीच्या मागे गेला. तिथून स्वतःचा घडी घातलेला रिकामा कट्टा ओढून काढला, पसरला, त्यावर आडवा झाला अन् अंगठा तोंडात घातला. त्याच्या मागे निवडणाऱ्या वनाबाईची पोरगी गेली. तिसरं गेलं. ज्याची त्याची जागा ठरलेली. आपसात भांडण नाही, काही नाही. मॅडम त्यांच्या मागे पाय न वाजवता जात होत्या.

कौतिक सगळ्यात मागे. तो रांगत निघाला. मॅडम त्याच्या मागे वाकून, हात पुढे धरून, पडला तर झेलायला. तो पट्ट्याच्या बाजूनं गेला अन् लोखंडी खांबाशी थांबला. सकाळी चिंधी सोडून फेकली होती आम्ही. तो खांबाला टेकून बसला. मग त्यानं उजवा पाय पुढे केला अन् वर बघितलं, कोणी बांधतं का म्हणून.

चाळीस-बेचाळीस बाया बसल्या होत्या. डाळीचा दाणा हलला नाही.

मॅडम खाली बसल्या. खांबाचा रंग एका जागी घासून गेला होता, जमिनीपासून वीतभर. त्यांनी तिथं बोटं लावून माप घेतलं. मग कौतिकचा पाय हातात घेतला, घोट्याजवळचा वळ पाहिला, अन् पाय हळूच खाली ठेवला. तोंडावर राग नाही, दया नाही. नुसतं बघणं. मी असं बघणारं माणूस आजवर पाहिलं नव्हतं. मास्तर बघायचे ते पोरगं कुठं चुकतं ते. ही बाई पोरालाच विचारत होती अन् पोरगंच सांगत होतं.

हिलाल मुकादम घसा खाकरून म्हणाला, "लहान लेकरू आहे मॅडम, कुठेही जातं. त्याचं काय!"

माझं टाळकं सटकलं. "कुठेही नाही जात! मॅडम, मी सांगते, ही खोली काल—"

"तुला विचारलं का मी?" मॅडम माझ्यावर अशा ओरडल्या की मी दोन पावलं मागे सरकली. "विचारलं का? मग गप्प उभी राहा."

सगळ्यांदेखत. ज्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडत होती तिनं मला असं झाडलं. डोळ्यात पाणी आलं, रागाचं. हिलाल मुकादम मिशीत हसला. नर्मदा खाली मान घालून बसली होती.

मॅडमनी गोडाऊनमध्येच, एका कट्ट्यावर कागद ठेवून शेरा लिहिला अन् शेठसमोर मोठ्यानं वाचला. "मी स्वतः पाहिलं की," असं प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला. मी स्वतः पाहिलं की सहापैकी सहा बालकं पाळणाघर सोडून गोडाऊनमध्ये ठरलेल्या जागी झोपण्यास गेली. मी स्वतः पाहिलं की खांबावर अमुक उंचीवर घर्षणाची खूण आहे. पंचवीस दिवसांत पाळणाघर रोज चालू पाहिजे, शिकलेली बाई पाहिजे, दूध पाहिजे, अन् दूध पाजायला आयांना दिवसातून दोनदा सुट्टी पाहिजे. नाहीतर खटला.

मग त्यांनी बायांच्या हजेरीचं मस्टर मागितलं अन् सगळ्या बायांची नावं स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. एकेकीला नावानं उठवून, चेहरा बघून. "त्रेचाळीस," त्या शेठला म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला या त्रेचाळीस दिसल्या पाहिजेत. एखादी नसली तर मी तिच्या घरी जाऊन विचारेन, का नाहीस म्हणून."

चहा घेतला नाही. कचोरी गार झाली.

मी गेटवर जाऊन उभी राहिली. मला राहवत नव्हतं. "तुम्ही मला सगळ्यांसमोर गप्प बसवलं."

"हो."

"मी खरं सांगत होती!"

"माहीत आहे. तू सांगितलं असतंस तर मला लिहावं लागलं असतं की तू सांगितलं. उद्या तू घरी, तुझ्या मागे तुझी ती बहीण घरी. तोंडवळा एकच आहे तुमचा, मला काय दिसत नाही? आता त्या कागदावर फक्त माझं नाव आहे. मला कोण काढतंय!"

त्या रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "आणि बाई, पंधरा ऑगस्टला मिल बंद असते. तुझ्या रजिस्टरात सहाही पोरं हजर आहेत. तेही लिहिलंय मी. मिलच्या नावावर."

रिक्षा गेली. तीन पेनं वापरली होती मी!

शेठ आठ दिवस कोणाशी बोलला नाही. हिलाल मुकादम रोज बायांना टोमणे मारायचा, पण काढलं कोणालाच नाही, कारण काढायचं कोणाला? बोललं तर कोणीच नव्हतं. मला वाटलं पाळणाघरात आता मीच. पण भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून द्रौपदाबाई आल्या, बालवाडीचं शिक्षण झालेल्या. मी त्यांच्या हाताखाली. मी फणफणली. "मी काय पोरांना खाते का?"

द्रौपदाबाई म्हणाल्या, "नाही. पण पोरगं तापलं तर काय करशील?"

"गोधडीत गुंडाळीन घट्ट."

"म्हणून मी आलेय," त्या म्हणाल्या अन् दूध तापवायला लागल्या.

पोरांना आठवडा लागला. पहिले दोन दिवस लोटन पळून थप्पीमागे जायचा, मग आम्ही त्याचा कट्टाच पाळणाघरात आणून टाकला. कौतिक पाळण्यात झोपायला लागला. भिंतीला धरून उभाही राहायला लागला, पण कोणी त्याच्या चालण्याची भीती घेत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी, कोणाला पत्ता नसताना, दुपारी तीनला मॅडम आल्या. सरळ निवडणाऱ्या बायांत. वही काढून नावं वाचली.

"बेचाळीस. कमलबाई कुठे?"

"भाचीना लगीनले गयी, मॅडम," हिलाल मुकादम म्हणाला. "आईशप्पथ."

मॅडमनी पत्ता विचारला अन् त्याच रिक्षात बसून गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या. कमलबाई खरंच लग्नाला गेली होती, घराला कुलूप अन् शेजारीण पापड लाटत बसलेली. पण मॅडम बघून आल्या.

त्या दिवशी कौतिकला ताप होता. द्रौपदाबाई ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसत होत्या. त्यांनी मला पाठवलं, "जा, आईला बोलाव." मी मशिनजवळ जाऊन नर्मदाला सांगितलं, ती सूप खाली ठेवून उठली. सुट्टीची वेळ नव्हती. हिलाल मुकादम तिच्या मागे मागे आला, "नर्मदे, आते कथी चालनी? टाईम व्हयना का?" पाळणाघराच्या दारात पोचला अन् त्याला मॅडम दिसल्या. तो आल्या पावली परत फिरला.

नर्मदानं पोराला मांडीवर घेतलं. त्यानं तोंड लावलं अन् प्यायला लागला. ती घाईत नव्हती.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या खिडकीशी उभ्या होत्या अन् दूध गाळायचं फडकं उन्हात ताणून धरून एकेक भोक तपासत होत्या.