बाकावरची बाई

धाकटीने डॉक्टरकीत हार्मोन्सची शाखा निवडली ती आरामासाठी. रात्रीची धावपळ नाही, रक्तारक्ती नाही, रविवार आपला. मैत्रिणींना ती हे उघड सांगायची. घरी मात्र शास्त्रावरच्या प्रेमाचा आव आणायची. घरची माणसं भोळी, त्यांना ते खरं वाटलं.

इस्पितळात जागा एक आणि उमेदवार तीन. विभागप्रमुख मॅडमची रीत जगावेगळी होती. उमेदवाराला त्या आठवडाभर आपल्या खोलीत बसवत आणि शेवटच्या दिवशी एकच परीक्षा घेत. बाहेरच्या लांब बाकावर पेशंट बसलेले असत. त्यांच्यासमोरून एकदा चालत जायचं, कुणाला काही विचारायचं नाही, आत येऊन काय दिसलं ते सांगायचं. "ग्रंथींचे आजार लपून बसत नाहीत," त्या म्हणत. "आपणच बघत नाही."

नेमकी त्याच दिवशी धाकटी चष्मा घरी विसरली. आईला फोन करून तिने तो मागवला आणि बजावलं, "खाली दाराशीच थांब, वर येऊ नकोस." आई वर आलीच. गेल्या काही वर्षांत आईचं नाक पसरलं होतं, जबडा पुढे आला होता, आवाज घोगरा झाला होता. बायकांच्या मापाच्या चपला पायात जात नाहीत म्हणून ती थोरल्या मुलाच्या जुन्या चपला घालायची. चारचौघांत तिच्या शेजारी उभं राहायचं म्हटलं की धाकटीला अंग चोरावंसं वाटायचं. आताही तिने चष्मा जवळजवळ हिसकावला आणि "जा आता" म्हणून पुटपुटली. पण जिने चढून आईला धाप लागली होती. ती बाकाच्या टोकाला टेकली.

धाकटी बाकासमोरून चालत गेली. आत येऊन तिने घडाघडा सांगितलं: हिचा गळा सुजलाय, त्याचे डोळे बाहेर आलेत, त्या बाईचा चेहरा गोल आणि हात काड्यांसारखे. अकरा जण झाले.

"बारा होते," मॅडम म्हणाल्या.

"त्या पेशंट नाहीत, मॅडम. ओळखीच्या बाई आहेत. काहीतरी द्यायला आल्या होत्या."

"कोण आहेत ते मी विचारलंच नाही. दिसलं काय?"

तो धडा तिला मुखोद्गत होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की मोठ्या माणसाचेही हातपाय वाढत राहतात, जबडा पुढे येतो. परीक्षेत तिला यावर पैकीच्या पैकी गुण होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तिने खाली मान घालून उत्तर दिलं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि कोरा केसपेपर पुढे केला. "जा, माहिती घेऊन या."

ती बाहेर येऊन आईशेजारी बसली. "आई, तुझी अंगठी कुठंय?"

"आत्ता कुठे आठवली तुला? तू डॉक्टरकीला गेलीस त्या वर्षी साबण लावून काढली. बोटं सुजलीत म्हणून सांगितलं होतं की मी. तू म्हणालीस, वजन कमी कर."

"डोकं दुखतं?"

"रोजच. तुझा अभ्यास होता ना, म्हणून बोलले नाही." मग आई हसली. "दारावरच्या माणसाला म्हटलं, मुलीला चष्मा द्यायचाय. माझ्याकडे बघून म्हणतो कसा, मावशी, आधी वर जाऊन स्वतःला दाखवा."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारावरच्या माणसाला जे दिसलं ते इतकी वर्षं एका ताटात जेवूनही तिला दिसलं नव्हतं. तिला फक्त चपला दिसल्या होत्या.

ती कागद भरून आत आली. मॅडमनी तो वाचला. "एक ओळ रिकामी आहे. सोबत कोण आलंय? नातं?"

"मी आहे, मॅडम." "ती आई आहे माझी. मघाशी मी खोटं बोलले. लाज वाटली मला तिची."

खोलीच्या दाराला नुसता पडदा होता. तो जरासा सरकला आणि मोठाल्या बोटांनी कडेला धरून आई आत डोकावली.

"मॅडम, मनावर घेऊ नका हो. पोर घाबरलीय." मग धाकटीकडे वळून ती हळूच म्हणाली, "अगं, चालेल मला. ओळखीचीच म्हण. जागा तेवढी सोडू नकोस."