पूर्ण सूट

आमच्या दुकानात शिलाई मशिनं दोन होती आणि पंखा एकच. त्यामुळे घरातली कोणतीही महत्त्वाची चर्चा सुरू होण्याआधी वारा कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न सुटावा लागे. त्या उन्हाळ्यात तो ताईने परस्पर सोडवून टाकला. औषधांच्या दुकानातली तिची पाळी संपली की ती थेट पंख्याखाली येऊन बसे, मांडीवर फोन ठेवी आणि माझ्यासाठी कॉलेजं शोधू लागे.

बाबा टेलर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. शाळेत ते फार वर्षं टिकले नव्हते; म्हणूनच असेल कदाचित, या हाकेने ते मनातून सुखावत. आई काजं करी आणि बटणं लावी. मी बारावीला बरे गुण मिळवून, कुणाच्याही अध्यात ना मध्यात अशा बेताने, कपाटाच्या कडेला उभा असे. मला भाषाशास्त्र शिकायचं होतं. शब्द कुठून येतात, वापरून वापरून कसे झिजतात, एकमेकांना चिकटताना काय गमावतात, याचं मला लहानपणापासून अनाकलनीय वेड होतं. ही इच्छा मी प्रथम बोलून दाखवली तेव्हा आईने सुई तोंडात धरूनच म्हटलं की, ज्याच्या तोंडाला कायम कुलूप, त्याला भाषेचं काय करायचंय. ताईने मात्र फक्त दोनच गोष्टी विचारल्या: हे शिकवतात कुठे, आणि त्याला लागतात किती.

शिकवणारी कॉलेजं मोजकी निघाली आणि लागणारी रक्कम अमोजकी. चालत जाण्याच्या अंतरावरच्या कॉलेजात फी परवडणारी होती, पण तिथे वाणिज्याखेरीज फारसं काही नव्हतं. लांबच्या नामांकित कॉलेजांच्या फीचे आकडे ताईने वाचून दाखवले, तेव्हा बाबांनी पायडलवरचा पाय न उचलता विचारलं की, हा कॉलेजचा फोन नंबर वाचते आहेस की काय.

पण ताई चिवट होती. चार दिवसांनी तिने एक शोध लावला आणि तो आम्हाला ऐकवताना पंखासुद्धा माझ्याकडे वळवला, इतकी ती खुशीत होती. छापलेली फी आणि प्रत्यक्षात भरावी लागणारी फी या निराळ्या गोष्टी असतात. महाग कॉलेजं चांगल्या गुणांच्या मुलांना स्कॉलरशिप देतात. ती वजा केली की महाग कॉलेज कधीकधी स्वस्त कॉलेजाच्याही खाली येतं. आईचा विश्वास बसेना. बाबांना मात्र ते चटकन उमगलं.

"पन्ह्याचा हिशेब आहे हा," ते म्हणाले. "अरुंद पन्ह्याचं कापड स्वस्त वाटतं, पण शर्टाला जास्त लागतं. रुंद पन्ह्याचं महाग, पण कमी लागतं. भाव नाही विचारायचा. शर्ट किती पडेल ते विचारायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात उच्च शिक्षणाची सगळी चर्चा कापडाच्या भाषेत होऊ लागली. एका कॉलेजची स्कॉलरशिप घसघशीत होती, पण पहिल्या वर्षापुरती. बाबांनी निकाल दिला, पहिल्या धुण्यातच आटणार. दुसरं फी माफ करत होतं, पण प्रयोगशाळा, ग्रंथालय, ओळखपत्र यांचे आकार वेगळे होते. म्हणजे कापड फुकट आणि अस्तर सोन्याचं. तिसऱ्यात स्कॉलरशिप टिकवायला दरवर्षी वर्गात पहिलं यावं लागे. "फार घट्ट," बाबा म्हणाले, "जरा खोल श्वास घेतला की उसवलं." मी हे सगळं ऐकत उभा असे. माझं आयुष्य त्या कापायच्या टेबलावर पसरलं आहे आणि तीन प्रेमळ माणसं त्यावर खडूने रेघा मारत आहेत, असं मला वाटे.

शेवटी एक कॉलेज मापात बसलं. बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं, छोटं, भाषाशास्त्राचा स्वतंत्र विभाग असलेलं. गुणांच्या जोरावर अर्धी फी ते आपणहून माफ करत. निवडक मुलांची मात्र मुलाखत घेऊन, गुण आणि घरची परिस्थिती दोन्ही पाहून, सगळी फी माफ करत, आणि पास होत राहिलं की ती माफी तिन्ही वर्षं टिके. ताईने बेरजा केल्या. सगळी फी माफ झाली, तर वसतिगृह आणि जेवण तिच्या पगारातून आणि दुकानातून निभणार होतं. अर्धीच माफ झाली, तर नाही. मग मी जवळच्या कॉलेजात वाणिज्य शिकणार, हे ठरलं. इतकं स्वच्छ ठरलं की त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मला मात्र दोन्ही शक्यतांचं दुःख एकाच वेळी होऊ लागलं. जाता आलं नाही तर काय, हे एक. आणि जाता आलं तर या मशिनांच्या आवाजाशिवाय झोप कशी लागणार, हे दुसरं.

आम्ही धाडलेल्या अर्जावरून कॉलेजचा फोन आला तेव्हा दुकानात बाबा एकटेच होते. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक समोर होतं आणि फोन खांदा आणि कान यांच्या बेचक्यात होता. दुकानामागच्या घरात आल्यावर त्यांनी निरोप शब्दशः सांगितला. मंगळवारी मुलाखत. मूळ कागदपत्रं आणायची. आणि पूर्ण सूट.

"पूर्ण सूट?" ताईने विचारलं.

"असंच म्हणाले. मुलाखत आहे, पूर्ण सूट, लक्षात ठेवा."

"फुकट शिकवायला बोलावतात आणि सूट घालून या म्हणतात?"

"मोठ्या लोकांच्या रीती असतात," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, आयुष्यात प्रथमच एखाद्या कॉलेजने त्यांना येत असलेला प्रश्न विचारला होता.

कापड शेजारच्या दुकानातून आलं. ताग्याचं शेवटचं टोक, राखाडी, काचेतल्या उन्हाने घडीवर एक फिकट रेघ उमटलेलं, म्हणून दुकानदाराने चहाच्या बोलीवर देऊन टाकलेलं. बाबांनी ती रेघ पाठीच्या शिवणीत अशी गाडून टाकली की नंतर मलाही सापडली नाही. माझी मापं घेताना ते मला अहोजाहो करत होते. हात वर करा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, नाहीच आहे ते. मी हळूच सुचवलं की आतलं जाकीट नसलं तरी चालेल. त्यांनी टेप गळ्यात टाकली.

"जाकीट नसेल तर त्याला पूर्ण म्हणत नाहीत."

ताई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. पण सोमवारी संध्याकाळी मी तो सूट घालून उभा राहिलो तेव्हा तिने दोनदा पाहिलं आणि पंखा माझ्याकडे वळवला.

मंगळवारी पहाटेच्या बसने मी एकटाच गेलो. मुलाखतीच्या खोलीबाहेर एक लांब व्हरांडा होता आणि बाकांवर दहाबारा मुलं-मुली, सगळी साध्या शर्टांत आणि कुडत्यांत. मी दिसताच निम्मी उठून उभी राहिली. एका मुलीच्या आईने मला अदबीने विचारलं, "सर, नंबर कधी सुरू करताय?" सरांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी कोपऱ्यातल्या खांबामागे जाऊन उभा राहिलो, आणि तिथल्या सावलीतही चांगलं शिवलेलं कापड लपत नाही, हे मला कळलं.

आत दोघेजण होते: चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या प्राचार्य बाई, आणि हिशेब पाहणारे एक गृहस्थ. गृहस्थांनी माझा अर्ज पाहिला, मग कोट पाहिला, मग पुन्हा अर्ज.

"घरचं उत्पन्न लिहिलंय तेवढंच आहे?"

मी मान हलवली.

"या कोटाकडे बघून तसं वाटत नाही."

अर्ध्या दिवसाचा प्रवास, ताईच्या बेरजा, सगळं त्या एका वाक्याच्या टोकाला येऊन लोंबकळू लागलं. मी कसाबसा म्हणालो की, कोट बाबांनी शिवला आहे. बाईंनी विचारलं, का. मी म्हणालो, तुम्ही सांगितलंत म्हणून.

"आम्ही?"

"फोनवर. पूर्ण सूट, असं."

दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. मग गृहस्थ हसू लागले. आधी दबून, मग मोकळेपणाने, टेबलाला धरून. आणि ते हसत असताना मला कळलं. अगदी शेवटी, सगळ्यांत उशिरा, ज्याला शब्दांचं वेड होतं त्या मला. आपल्या माणसाच्या चुकीवर परक्याने हसावं, यात काहीतरी असह्य असतं. ते परकं माणूस चांगलं असलं तर अधिकच. मी कधी नव्हे ते, विचारल्याशिवाय बोललो.

"चूक बाबांची नाही. चूक 'पूर्ण'ची आहे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे?"

मी सांगू लागलो. फोनवर 'अर्धी सूट' म्हटलं असतं तर कुणाचाच गोंधळ झाला नसता. ती सूट म्हणजे सवलत. 'अर्धा सूट' म्हटलं असतं तर तो कपडा, जाकिटाशिवायचा. पण 'पूर्ण' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. ते कुणाचीच बाजू घेत नाही. शिवाय एक शब्द आपल्या 'सुटण्या'तून आलेला, दुसरा बाहेरून आलेला. वाटेत भेटले आणि जुळ्यांसारखे दिसू लागले.

"मग ऐकणाऱ्याला एरवी कसं कळतं?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या परीक्षा म्हणून विचारत नव्हत्या.

"शेजारच्या शब्दांवरून. पण मुलाखत आणि कोटसुद्धा शेजारीच राहतात."

त्यानंतर मी किती वेळ बोललो ते मला आठवत नाही. आईने ऐकलं असतं तर कुलपाची किल्ली कुठे सापडली, असं विचारलं असतं. मी थांबलो तेव्हा गृहस्थांनी, हसून ओले झालेले डोळे पुसत, उत्पन्नाचा प्रश्न राहिलाच, अशी आठवण करून दिली. ते त्यांचं काम होतं. मी सांगितलं की कापड ताग्याचं टोक आहे, शिलाई घरची आहे, आणि बटणं आईच्या डब्यातली. त्यांनी वाकून बटणं पाहिली. बाहीवरचं एक बाकीच्यांशी जुळत नव्हतं. त्यांनी अर्जावर बारीक खूण केली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

दुपार कलल्यावर कारकून बाहेर आला. फोन करणारा तोच असावा, कारण माझ्याशी बोलताना तो प्रत्येक शब्द पारखून घेत होता. "तुमची सगळी फी माफ झाली आहे," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "यापुढे फोनवर 'माफी'च म्हणायचं, अशी बाईंची सूचना आहे."

मी घरी फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं. माझा आवाज ऐकताच ते थांबलं.

"सूट मिळाली का रे?" बाबांनी विचारलं.

मिळाली. शेवटच्या त्या एका 'ली'वरून मला समजलं की, माझी बस सुटल्यानंतर कधीतरी त्यांना, किंवा ताईला, सगळं लक्षात आलं होतं, आणि दिवसभर ते मशिनासमोर बसून काय काय मनात आणत राहिले असतील. मी म्हणालो, मिळाली.

"लोक हसले का?"

"थोडे."

"कोट नीट बसला होता ना?"

"बसला होता."

"मग हसू देत." मागून आई काहीतरी विचारत होती, ताई तिला गप्प करत होती. "तुला नवीन उशी लागेल तिथे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ताईला दिला.

ताई फीविषयी विचारत असतानाच कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वसतिगृहात दोनच जागा उरल्या होत्या. एक रस्त्याच्या बाजूची, एक अंगणाच्या. अंगणाची शांत आहे, तो म्हणाला, रस्त्याकडच्या खोलीत आवाजाने मुलं वैतागतात.

मी कुणालाही न विचारता रस्त्याकडची घेतली.