तीन वेळा साडेचौदा

मित्रांनो, माझ्या तबकडीवरचा काटा कधीच पूर्ण शांत बसत नाही. कपाटाजवळून कोणी चालत गेले तरी तो थरथरतो. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलेला मी एक जुना मॉइश्चर मीटर आहे. धान्यात पाणी किती टक्के आहे, ते सांगणे हे माझे काम. चाळीसएक वर्षे मी ते सांगत आलो. एकदा मात्र चुकीचे सांगितले, तेही ठामपणे, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

आधी मी कसा चालतो ते समजून घ्या. माझ्या पितळी पेल्यात धान्य भरायचे, वरचा स्क्रू पिळून ते घट्ट दाबायचे आणि बाजूचा दांडा गरगर फिरवायचा. दांड्याने थोडी वीज तयार होते. ती दाबलेल्या धान्यातून जाते. ओले धान्य विजेला सहज वाट देते, कोरडे धान्य अडवते. जितकी वाट मिळाली तितका काटा वर चढतो. म्हणजे मला पाणी दिसत नाही. मला फक्त वीज कळते आणि तिच्यावरून मी पाण्याचा अंदाज करतो. लोक हे विसरतात. खरे सांगायचे तर मीही विसरलो होतो.

माझी उमेदीची वर्षे नांदगावच्या बाजारात गेली. हिरामणशेठ नावाच्या मक्याच्या व्यापाऱ्याकडे मी होतो. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टरची रांग लागायची आणि शेतकरी माझ्याभोवती कोंडाळे करून उभे राहायचे. मी सोळा दाखवले की कोणी तरी दाणा दाताखाली फोडून म्हणायचे, "शेठ, तुमच्या मशीनला सर्दी झालीय." सगळे हसायचे. पण माझा आकडा सहसा कोणी मोडत नसे, याचा मला फार अभिमान होता. हिरामणशेठ प्रत्येक मापानंतर माझा पेला कोरड्या फडक्याने आतून पुसायचे. पुसायला विसरलेल्या नोकराला ते एकच सांगत, की याच्या पोटात काय गेलंय ते याला कळत नाही, ते आपल्याला कळायला पाहिजे. तेव्हा मला ते अपमानाचे वाटायचे.

पुढे खिशात मावणारी, आकडे चमकवणारी यंत्रे आली. मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा चामड्याचा पट्टा खाल्ला. तिथून मला सोमनाथ सरांनी आणले. ते नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि त्यांना जुनी उपकरणे जमवण्याचा नाद आहे. त्यांनी माझा स्क्रू तेलात भिजवला, तबकडीची काच बदलली आणि मला कपाटात ठेवले. तिथे मला कोणी हात लावत नव्हते, पण निदान धूळ पुसली जायची.

मग हर्षाली आली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती आता दोन वर्षांचा वेगळाच अभ्यासक्रम करत होती: निसर्गाची आणि माणसांची झीज न करता देशादेशांत व्यापार कसा करायचा, याचा. तिच्या गटात नेदरलँड्सची आनेका होती. वर्षभर दोघी दर मंगळवारी संगणकाच्या पडद्यावर भेटत आणि डिसेंबरात आनेका तीन आठवड्यांसाठी नाशिकला आली. त्यांना एक खरा व्यवहार उभा करून दाखवायचा होता. आनेकाच्या गावचा एक बेकरीवाला नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पीठ वापरून पाहायला तयार होता, आणि हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा बायकांचा गट तीनशे किलो नागली द्यायला तयार होता. बेकरीवाल्याची अट एकच होती. ओलावा बारा टक्क्यांच्या वर नको, कारण बंद पेटीत चाळीस दिवसांचा समुद्रप्रवास झाला की ओल्या धान्याला बुरशी धरते. हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचे होते.

दोघींना वीज नसलेल्या जागीही चालणारे यंत्र हवे होते. सरांनी मला काढून दिले. इतक्या वर्षांनी मी बसमध्ये, हर्षालीच्या मांडीवर, टॉवेलमध्ये गुंडाळून निघालो. घाटात प्रत्येक वळणाला माझा काटा इकडून तिकडे आपटत होता.

गटाची प्रमुख चतुराबाई. पन्नाशीची, सडपातळ, बोलताना हातातले काम न थांबवणारी. सारवलेल्या ओट्यावर तिने आम्हाला बसवले आणि आतून दोन किलो नागली सुपात आणली. आनेकाकडे बेचाळीस प्रश्नांचा कागद होता. पाणी कुठले, खत कोणते, काम कोण करते, लहान मुले शेतात येतात का. हर्षाली एकेक प्रश्न मराठीत सांगायची, चतुराबाई उत्तर द्यायची, आनेका लिहून घ्यायची. सतरावा प्रश्न होता: हेच धान्य तुम्ही पाठवणार का?

"हो," चतुराबाई म्हणाली. "नागलीच हाय ना. दुसरं काय देऊ?"

आनेकाने कागदावर बरोबरची खूण केली आणि अठरावा प्रश्न विचारला. मित्रांनो, सगळे त्या खुणेतच बिघडले होते. पण तेव्हा ते कोणालाच दिसले नाही.

मग माझी पाळी आली. हर्षालीने पेला भरला, स्क्रू पिळला, दांडा फिरवला. माझा काटा सरसर चढला आणि साडेचौदावर जाऊन थांबला. ओट्यावर जमलेल्या गटातल्या बायका पुढे वाकून पाहू लागल्या. हर्षालीने दाणे बदलून पुन्हा मोजले. साडेचौदा. तिसऱ्यांदाही साडेचौदा.

चतुराबाईने सुपातून चार दाणे उचलून दाताखाली धरले. कट्कन आवाज आला. "कडक हाय," ती म्हणाली. "तुझा डबाच वला असंल, पोरी."

बायका हसल्या. हर्षाली नाही हसली. तीन वेळा एकच आकडा आला म्हणजे तो बरोबर, असे तिला शिकवले होते. मलाही तसेच वाटत होते. नांदगावची जुनी टिंगल आठवून मी मनात फुगलोसुद्धा. काम झाल्यावर मात्र माझा पेला कोणी पुसला नाही. सुपातली नागली चतुराबाईने पिशवीत बांधून दोघींना दिली आणि बस गाठायला आम्ही धावत निघालो.

परतीच्या वाटेवर दोघींचा वाद झाला. आनेकाचे म्हणणे सरळ होते. ओले असेल तर ओले लिही. बरे वाटावे म्हणून गोड लिहिणे हा त्यांच्यावर उपकार नाही. पेटी तिकडे बुरशी धरून पोचली तर पुन्हा कोणी त्यांना विचारणार नाही. हर्षालीला हे पटत होते. पण तो कट्कन आवाज तिच्या कानातून जात नव्हता. चौदा टक्के ओलाव्याचा दाणा असा वाजत नाही. तो चिवट लागतो. तीन महिने त्या बायका या निरोपाची वाट पाहत होत्या, आणि निरोप माझ्या एका काट्यावर अडला होता.

गुरुवारी सकाळी हर्षालीने नकाराचे पत्र लिहून ठेवले, पण पाठवले नाही. ती प्रयोगशाळेत आली. तिने मूठभर नागली दळली, पीठ तराजूवर तोलले, एकशेतीस अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवले आणि पुन्हा तोलले. ही सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी पद्धत. पाणी उडून जाते, जितके वजन घटले तितके पाणी. मी शेजारच्या टेबलावरून पाहत होतो. मित्रांनो, माझ्या बाजूने आकडा यावा असे मला वाटत होते, हे मी लपवणार नाही.

उत्तर आले दहा पूर्णांक एक.

तिने मला जवळ ओढले. मग तिने पांढरा टिपकागद घेऊन माझ्या पेल्याच्या आतून फिरवला. कागद करडा झाला. तिने तो बोटांनी चोळला, वास घेतला आणि लगेच हरसूलला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला ऐकू आले.

"मावशी, नागलीत राख होती का?"

"राख असणारच. बियाणं राखेबिगर ठेवतं का कोणी? मी पाखडली व्हती तशी."

"बियाणं?"

"मग? पाहुण्या बाईला कणगीतलं कसं देऊ? कणगीतलं आमचं रोजचं, इकायचं. घरात चांगलं काय, तर मडक्यातलं बियाणं. ते दिलं."

"पण आम्ही विचारलं होतं, हेच पाठवणार का म्हणून."

"पाहुण्याच्या तोंडावर नाय म्हणू का?" चतुराबाई म्हणाली. "द्यायचं ते कणगीतलंच देणार व्हतो की. त्यात काय सांगायचं."

राखेत क्षार असतात. ते विजेला वाट देतात. पाणी नव्हतेच, राखेने मला फसवले होते, आणि मी तीन वेळा सारखाच फसलो होतो. हिरामणशेठचे बोलणे तेव्हा मला कळले.

हर्षालीने फोन ठेवला तेव्हा आनेका दारात उभी होती. तिच्या हातात डबा होता. बेकरीवाल्याला पडद्यावर दाखवायला म्हणून तिने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात त्याच नागलीची बिस्किटे भाजली होती. खरखरीत लागतात, पण वास सुंदर आहे, असे ती सांगत आली. हर्षालीने तिला सगळे सांगितले. आनेका खाली बसली. तिने डब्याचे झाकण लावले, उघडले, पुन्हा लावले.

"म्हणजे आपण तिचं पुढच्या वर्षीचं शेत खाल्लं," ती म्हणाली.

नागलीचे बियाणे फार थोडे लागते. त्या दोन किलोंत चतुराबाईच्या शेताची अख्खी वरची पट्टी उभी राहिली असती. हर्षालीने दळून आणि आनेकाने भाजून सुमारे अर्धा किलो संपवले होते. आनेकाने बेकरीवाल्याला जसे घडले तसे लिहिले आणि आठवडाभराची मुदत मागितली. त्याने दिली. पण शुक्रवारी आम्ही पुन्हा बसमध्ये बसलो, ते मुदतीसाठी नव्हे. उरलेले दीड किलो हर्षालीच्या पिशवीत होते.

चतुराबाईने पिशवी पाहिली आणि हात मागे घेतले. पाहुण्याला दिलेले परत घरात घेत नाहीत, एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला वळली. हर्षालीने तऱ्हातऱ्हांनी समजावले. आनेकाने माफी मागितली. चतुराबाई ऐकत होती, मान हलवत होती आणि पिशवीला हात लावत नव्हती. चहा पिऊन झाला. बसची वेळ होत आली. माझा काटा उगीचच हलत होता.

मग हर्षालीने त्या बेचाळिसांत नसलेला एक प्रश्न विचारला. "मावशी, आमच्याकडे मडकं नाही, राख नाही. शहरात बियाण्याला कीड लागेल. आमचं हे बियाणं जूनपर्यंत तुमच्या मडक्यात ठेवाल का? पेरायच्या वेळी आम्ही येऊ. कुठे पेरायचं ते तुम्ही सांगा."

चतुराबाईने चहाचे कप बाजूला सारले. मग हसली आणि पिशवी उचलली. "आता शिकलीस इचारायला," ती म्हणाली. आनेकाकडे बोट करून पुढे म्हणाली, "हिला पण आण. चिखलात उभी राहती का बघू."

त्यानंतर कणगीतली नागली आली. त्याआधी हर्षालीने माझा पेला पुसला. एकदा, मग दुसऱ्यांदा, शेवटी ओढणीच्या टोकाने स्क्रूच्या आट्यांच्या आतपर्यंत. पेला भरला, स्क्रू पिळला, दांडा फिरवला. माझा काटा चढू लागला तेव्हा आयुष्यात प्रथमच मला स्वतःची खात्री नव्हती. तो अकरा पूर्णांक तीनवर थांबला. नाशिकच्या भट्टीत दुसऱ्या दिवशी अकरा पूर्णांक दोन आले. पण त्याआधीच चतुराबाईने दाणा फोडला होता आणि निकाल दिला होता: "आज डबा खरं बोलला."

तीनशे किलो नागली फेब्रुवारीत गेली आणि धड पोचली. आनेका तिच्या देशात परत गेली आहे. ती जूनमध्ये येणार की नाही ते अजून नक्की नाही. मंगळवारी पडद्यावर त्याचीच बोलणी चालतात. प्रश्नांच्या कागदावर आता सतरावा प्रश्न बदलला आहे: हे धान्य तुम्ही घरात कशासाठी ठेवले होते?

मी पुन्हा कपाटात आहे. माझ्या स्क्रूच्या आट्यांत राखेचा एखादा कण अजून असेल. मित्रांनो, तुम्ही कधी मला हातात घेतलेत तर आधी माझा पेला पुसा. मग माझ्यात जे भरणार आहात ते कोणाचे, कुठल्या मडक्यातले, ते त्या घरच्या माणसाला नीट विचारा. एवढे केल्यावर माझा दांडा फिरवा. मी खरे सांगण्याचा प्रयत्न करीन. आज कपाटाशेजारून कोणी तरी भराभर चालत गेले, आणि पाऊस लवकर येणार असे बोलणे कानावर आले. माझा काटा अजून हलतो आहे.